धागा: लढाईच्या मुलखातून परत आलेलं पोर उद्या आपल्या वर्गात आलं तर?

मुतग्याची बाई (धागालेखिका)

बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान आमच्या शाळेच्या पत्र्यावरून जातं. गावच्या पोरांना त्याचं काही नाही, पाढे म्हणायचेसुद्धा थांबत नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये माझ्या तिसरीत एक नवा मुलगा आला. पहिल्याच दिवशी विमान गेलं आणि तो दप्तरासकट बाकाखाली शिरला. हसू नका म्हणून मी वर्गाला दटावलं, पण कुणी हसलंच नव्हतं. चाळीस पोरं गप्प बसली होती.

त्याचे आईवडील येमेनमध्ये, सना शहरात एका दवाखान्यात कामाला होते. शहर हूथी बंडखोरांच्या ताब्यात गेलं, मार्चअखेरीस सौदी विमानांचे बॉम्ब पडू लागले आणि एप्रिलमध्ये सरकारने 'ऑपरेशन राहत'मधून आपली माणसं बाहेर काढली. ही मंडळी होदेदा बंदरातून नौदलाच्या जहाजाने जिबूतीला आणि तिथून विमानाने मुंबईला आली. मग रात्रीच्या बसने बेळगाव आणि मामाचं घर.

पोराकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. दाखल्याशिवाय घेता येत नाही म्हणून आधी एका शाळेने त्याला परत पाठवलेलं. आमच्याकडे घेतलं, पण तीन महिने त्याने दप्तर पाठीवरून उतरवलं नाही. पाठीवर दप्तर घेऊनच लिहायचा. डब्यातली अर्धी भाकरी खायचा आणि उरलेली अर्धी रुमालात बांधून आतल्या कप्प्यात ठेवायचा. एकदा मी जवळ बसून विचारलं. म्हणाला, "वाटेत लागली तर, बाई."

हे कुटुंब नोकरीला गेलेलं होतं, कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. तरी हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारायच्या, "तुम्ही तिकडं कुणाच्यात होता गं?" ती बिचारी हजारदा सांगून थकली आणि मग बाहेर पडायचीच बंद झाली.

हे सगळं आज आठवलं, कारण आमच्या मंडळात सीरियातल्या छावण्यांवर बोलणं निघालं. २०१९ च्या मार्चमध्ये सीरियातलं बागूझ गाव पडलं, आयसिसच्या हातातला शेवटचा तुकडा गेला आणि अल-होल छावणीत ७० हजारांहून जास्त माणसं येऊन पडली. त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. दहाएक हजार बायका-मुलं तर सीरियाची नव्हेत आणि इराकचीही नव्हेत. कितीतरी देशांनी आपल्याच नागरिकांकडे पाठ फिरवली. मंडळातल्या एक ताई म्हणाल्या, "सापाची पिल्लं आहेत, तिथंच राहूदेत." मला तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रात्रभर ती रुमालातली अर्धी भाकरी डोळ्यांसमोर होती.

म्हणून विचारते. बाप तिकडे लढायला गेला होता असं पोर उद्या वर्गात आलं, तर बाईने, शाळेने, गल्लीने काय करायचं? माझं म्हणणं आधीच सांगते. बापाचा हिशेब कोर्टाने करावा. पोराचं नाव हजेरीपटावर पहिल्या दिवशी लागलं पाहिजे.

---

कडोलीकर

बाई, तुमच्या वर्गातलं पोर आणि आयसिसवाल्याचं पोर एका मापाने मोजू नका. तुमचे लोक पोटासाठी गेलेले. ते मारायला गेलेले. आणि बाया काय नकळत गेल्या काय? कितीतरी स्वतःच्या पायाने गेल्यात. माझीपण दोन पोरं शाळेत जातात. शेजारच्या बाकावर कोण बसलंय हे विचारायचा मला हक्क आहे का नाही? कुणाचं मन दुखवायला लिहीत नाही, पण जे वाटतंय ते लिहिलंय.

---

हिंडलगा रोड

मी बेळगाव कोर्टात वकिली करतो. कडोलीकरांची भीती खरी आहे, तिला हिणवू नये. पण कायद्यात यातलं बरंच आधीच लिहिलेलं आहे आणि ते आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मोठ्या माणसावर आरोप असेल तर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आहे, एनआयए ही केंद्राची तपास यंत्रणा आहे. २०१४ साली कल्याणचे चार तरुण आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेले. त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला, त्याला अटक झाली आणि खटला उभा राहिला. तो रस्ता वेगळा, आणि बाईंच्या शाळेतून तो जात नाही.

मुलाचा रस्ता बाल न्याय कायदा, २०१५. सशस्त्र संघर्षाची झळ बसलेलं मूल म्हणजे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल', हे त्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. अशा मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं. समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, हे तत्त्वही त्यातच आहे. आणि कलम ८३ म्हणतं की अतिरेकी गटाने मुलाला भरती केलं किंवा वापरलं तर शिक्षा वापरणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. म्हणजे कायद्याच्या डोळ्यात पोर हे ज्याच्यावर गुन्हा घडला ते आहे.

कडोलीकर, तुमच्या हक्काबद्दल. शेजारच्या बाकावर कोण बसलंय हे शाळेने तुम्हाला सांगायचं नाही. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवणारे यात अडकू शकतात.

आता दाखल्याचं. बाईंनी लिहिलेलं वाचून राग आला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची, हा मुलाचा हक्क आहे. त्या शाळेने त्या पोराला परत पाठवणं बेकायदाच होतं.

सगळ्यात अवघड गाठ जन्माच्या नोंदीची. भारतीय आईबापाचं मूल परदेशात जन्मलं तर वर्षाच्या आत तिथल्या वकिलातीत नोंद करायची असते. छावणीत कुठली वकिलात? आणि आयसिसने स्वतःच्या शिक्क्याचे कागद वाटले होते, ते जगात कुठेच चालत नाहीत. वर्ष उलटलं तर केंद्राची परवानगी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आणखी एक खिडकी आहे. आईबाप कायमचे राहायला परत आले तर मूल भारतात पोचल्यापासून ६० दिवसांच्या आत इथे जन्मनोंद करता येते. हे साठ दिवस लोक पाहुण्यारावळ्यांत घालवतात आणि मग दहा वर्षं कचेऱ्यांचे जिने चढतात.

आपल्याकडे त्यात सीमेचं दुखणं. सासर बेळगावात, माहेर चंदगडला. नवरा गेलेली बाई पोरं घेऊन माहेरीच जाणार. रेशन कार्ड कर्नाटकाचं, भाऊ महाराष्ट्रातला, अर्ज इकडे कन्नडात आणि तिकडे मराठीत. समितीला मुलाला त्याच्या गावच्या जिल्ह्यातल्या समितीकडे सोपवता येतं, राज्य वेगळं असलं तरी. तशी तरतूद आहे. कुणीतरी फाईल घेऊन दोन्हीकडे उभं राहावं लागतं एवढंच.

---

मराठा पल्टण

सुभेदार म्हणून निवृत्त झालो. काश्मीरमध्ये तीन खेपा झाल्या, त्यातली एक कुपवाड्यात. मी काही मवाळ माणूस नाही. साथीदार गमावलेत.

परत येणाऱ्यांसाठी आपल्या देशात काही झालंच नाही असं नाही. २०१० साली जम्मू-काश्मीर सरकारने योजना काढली. १९८९ ते २००९ या काळात हत्यारांचं शिक्षण घ्यायला पलीकडे, पाकिस्तानच्या बाजूला गेलेल्या, पण आता सगळं सोडून घरी येऊ बघणाऱ्या पोरांसाठी. बरेच जण तिकडेच लग्न करून संसाराला लागले होते. यायचे रस्ते ठरवून दिले होते, वाघा-अटारी, सलामाबाद, चकन-दा-बाग आणि दिल्लीचा विमानतळ. प्रत्यक्षात बहुतेक आले नेपाळमार्गे. ठरलेल्या वाटेने आले नाहीत म्हणून योजनेत बसले नाहीत. पुरुष तरी मूळचे इथले. त्यांच्या बायका मुजफ्फराबाद, कराचीच्या. त्यांना नागरिकत्व नाही, पासपोर्ट नाही, परत आईला भेटायला जायचं तर कागद नाही. त्या बाया श्रीनगरच्या रस्त्यावर बसून मागत होत्या, एकतर नागरिक करा नाहीतर परत पाठवा.

केरनला किशनगंगेच्या या काठाला आपण, त्या काठाला ते. पलीकडची माणसं डोळ्यांना दिसतात, लग्नाची वाजंत्री ऐकू येते. आमच्या पोस्टच्या खाली एका घरात अशी सून होती. तिची आई वारल्याचं फोनवर कळलं. ती तीन दिवस नदीकाठच्या दगडावर बसून होती. नवऱ्याने जेवायला हाक मारली की उठायची, जेवून परत तिथंच. मी गस्तीवरून जाता-येता बघत होतो. तिची मुलं शाळेत जायची तिथं त्यांना बाकीची पोरं 'पाकिस्तानी' म्हणायची.

मी तेव्हा म्हणायचो, आलात कशाला. आज म्हणतो, या म्हणून दार उघडलं तर आत खाट टाकायला हवी. अर्धवट बोलावणं न बोलावण्यापेक्षा वाईट. त्यातनं पोरं कुणाचीच होत नाहीत, आणि कुणाचंच नसलेलं पोर पुढे कोण उचलतं ते मी बघितलंय.

---

येळ्ळूरची सून

सुभेदार काका, वाचून गलबललं. बाईंच्या मताशी पूर्ण सहमत.

---

निपाणीकर

मी मुस्लिम आहे, माहेर निपाणी, आई तंबाखूच्या वखारीत होती. घरात दखनी, गल्लीत मराठी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिते.

२०१४ मध्ये कल्याणची बातमी आली तेव्हा माझा धाकटा भाऊ पुण्यात खोली शोधत होता. नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' व्हायची. एका मालकाने सरळ विचारलं, तुझे मित्र कोण कोण आहेत? भाऊ डिप्लोमा करत होता, त्याचे मित्र म्हणजे मेसमधली सोलापूरची चार पोरं. त्याने मला ते फोनवर सांगितलं आणि आईला सांगू नकोस म्हणाला.

त्या कल्याणच्या पोरांच्या घरच्यांनीच पोलिसांत जाऊन मुलं बेपत्ता आहेत म्हणून सांगितलं होतं, ही गोष्ट लोक विसरतात. पोरगं बिघडतंय हे सगळ्यात आधी आईला कळतं. जेवण कमी होतं, बहिणीला ओढणीवरून बोलायला लागतं, मामाच्या लग्नात गाणी लावली म्हणून उठून जातं. ती आई कुणाला सांगेल? सांगितलं की अख्ख्या घरावर शिक्का बसणार असेल तर ती तोंड शिवून बसेल. शिक्का बसणार नाही, पोरगं वाचेल, अशी खात्री असेल तर ती पहाटे पाचला पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहील. परत आलेल्यांना तुम्ही कसं वागवता ते न गेलेल्यांच्या आया बघत असतात. कडोलीकर भाऊ, तुमच्या पोरांची राखण यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

---

टिळकवाडी क्लिनिक

मुलांची समुपदेशक आहे. बाईंनी जे सांगितलं, आवाजाला दचकणं, अन्न साठवणं, सामान अंगावेगळं न करणं, ते रोग नाही. जिथे ते पोर होतं तिथे ते शहाणपण होतं. इथे त्याची गरज नाही हे त्याच्या शरीराला कळायला वेळ लागतो. रागावून कळत नाही. रोज तीच वेळ, तीच बाई, तोच बाक, याने कळतं.

ज्या देशांनी हे काम अंगावर घेतलं त्यांचं थोडं सांगते. कझाकस्तानने २०१९ मध्ये 'झुसान' नावाची मोहीम केली. झुसान ही त्यांच्या माळरानावरची उग्र वासाची वनस्पती, त्या लोकांना त्या वासाने घर आठवतं. सहाशेच्या आसपास माणसं आणली, त्यात चारशेहून अधिक मुलं. विमानतळावरून थेट घरी सोडलं नाही. कास्पियन समुद्राच्या काठावर अक्ताऊ शहरात साधारण महिनाभर ठेवलं. तपासणी, कागदपत्रं, मानसोपचार, धर्माचा अभ्यास असलेल्या माणसांशी बोलणं. पण आई आणि मुलं एकत्र. मग आजी-आजोबांना बोलावलं. ज्यांच्यावर गुन्ह्याचा पुरावा होता त्यांच्यावर खटलेही चालले. उझबेकिस्तानच्या मोहिमेचं नाव 'मेहर', म्हणजे माया. आपल्या मेहेरबानीतला तोच शब्द. मे २०१९ मध्ये पहिल्या खेपेत १५६ जण आले, बहुतेक मुलं.

कोसोवो तर लहानसा देश. एप्रिल २०१९ मध्ये एका दिवसात ११० माणसं आणली, त्यात ७४ मुलं. चार पुरुषांना थेट अटक झाली. बायांना न्यायालयाने घरातच नजरकैदेत ठेवलं, मुलं शाळेत गेली. काही मुलांना घरची भाषाच नीट येत नव्हती, त्यांच्यासाठी जादा तास लावले.

या सगळ्यात आजीची भूमिका मला फार मोठी वाटते. आजीला पोराकडून काहीच कबूल करून घ्यायचं नसतं. ती भात कालवते आणि भरवते. आपल्याकडे प्रश्न विचारणारे पन्नास भेटतील. भात कालवणारी एक पुरते, पण ती पाहिजेच, आणि तिच्या मागे आम्ही डॉक्टर मंडळी उभी पाहिजेत. आजी एकटीने हे पेलू शकत नाही. रात्री दोन वाजता पोर किंचाळून उठतं तेव्हा तिलाही हातपाय कापतात.

बाई, तुम्हाला शाळेपुरतं सांगते. पोराला वर्गात 'तुझी गोष्ट सांग' म्हणू नका, कधीच नाही. चित्रं काढू द्या. बंदुका काढल्या तर काढू द्या, फाडू नका, घाबरून मुख्याध्यापकांकडे पळू नका. दाराजवळचा बाक द्या. दिवाळीआधी सांगून ठेवा, आज फटाके वाजणार, किती वाजता वाजणार, किती वेळ वाजणार. आधी कळलेला आवाज आणि अचानक आलेला आवाज यात त्या पोराच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

कडोलीकर

सगळे चांगलं लिहिताय, मी दोनदा वाचलं. पण एक राहिलंच. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांचं काय? इराकातल्या यझिदी या छोट्या धर्माच्या बायकांना बाजारात विकलं होतं ह्या आयसिसवाल्यांनी. परत आलेल्यांना आजी, भात, डॉक्टर, आणि त्या बायकांना?

---

हिंडलगा रोड

हा प्रश्न तुम्हीच विचारलात हे बरं झालं.

ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारवर, यझिदींच्या इराकातल्या मुलखावर, आयसिसचा हल्ला झाला. हजारो पुरुष मारले, बायका-पोरी गुलाम केल्या, मुलगे लष्करी छावण्यांत घातले. त्यातून सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. इराकने मार्च २०२१ मध्ये या स्त्रियांसाठी भरपाईचा कायदा केला. त्यात महिन्याचं अनुदान आहे, जमीन आहे, शिक्षण आणि नोकरीत सवलत आहे. हल्ला आणि कायदा यात साडेसहा वर्षं गेली. त्यांचा हक्क पहिला, यात दुमत नाही.

पण तिथलीच पुढची गोष्ट ऐका. यझिदींच्या धर्मपीठाने सुटून आलेल्या बायकांना मानाने परत घेतलं. शतकांची रीत मोडून घेतलं, फार मोठी गोष्ट केली. २०१९ मध्ये मात्र सांगितलं की आयसिसच्या पुरुषांपासून झालेली मुलं समाजात घेता येणार नाहीत. म्हणजे आईला निवडायला लावलं, माहेर की मूल. कुणी मूल अनाथालयात सोडून आली, कुणी मुलासाठी छावणीतच राहिली. मूल कुणाचं? छळ करणाऱ्याचं आणि जिचा छळ झाला तिचंही. आपण 'त्यांची पोरं' आणि 'यांची पोरं' अशी जी रेघ मारतो ती त्या आईच्या अंगावरून जाते.

आणि इराकी सुन्नी कुटुंबांत दुसरा प्रकार. नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव यादीत असेल तर घरच्यांना कागद मिळेनात. आधी न्यायाधीशापुढे उभं राहून त्या माणसाशी आमचा संबंध नाही असं लिहून द्यायचं, त्याला 'तबरिया' म्हणतात. तोवर पोराचा जन्मदाखला नाही, दाखला नाही म्हणून शाळा नाही. सहा वर्षांच्या पोराने बापाच्या करणीचं मोल चुकवायचं म्हणजे कसं?

---

मुतग्याची बाई (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीकर ताई, तुमचा प्रतिसाद मी मंडळात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? कल्याण आणि पुण्याचा भाग तुम्ही म्हणाल तर गाळते.

डॉक्टर, दाराजवळचा बाक. मी त्याला नेमका खिडकीजवळ बसवला होता, उजेड असतो म्हणून. खिडकीतून विमान दिसायचं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. गणपतीच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्या मामाने त्याला दुकानात नेऊन फटाक्यांची माळ हातात दिली होती, पेटवायची नाही, नुसती बघायची. मामा सातवी शिकलेला, वडगावात हातमागावर काम करणारा माणूस. त्याला हे कसं सुचलं कोण जाणे. मिरवणुकीच्या रात्री पोर आजीच्या मांडीवर बसून होतं, पण घरात पळालं नाही.

रुमालातली भाकरी कधी बंद झाली ते मला सांगता येणार नाही. मी रोज कप्पा बघणं सोडलं होतं. चौथीत गेल्यावर तो दप्तर खुंटीला लावायला लागला होता एवढं नक्की आठवतं.

वकीलसाहेब, ते साठ दिवसांचं आणि दाखल्याचं एका पानावर मराठी आणि कन्नडात लिहून द्याल का? शाळेच्या फलकावर लावते.

---

हिंडलगा रोड

रविवारी देतो. कन्नड मजकूर आमच्या ज्युनिअरकडून तपासून घेतो.

---

कडोलीकर

बायांबद्दल माझं मत अजून तेच आहे, ज्या स्वतःहून गेल्या त्यांनी कोर्टाला तोंड द्यावं. पोरांच्या शाळेचं मला पटलं. मी आमच्या शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीवर आहे. दाखला नाही म्हणून गेल्या वर्षी आम्हीपण एक पोर परत लावलंय, ऊसतोडीला आलेल्यांचं होतं. सोमवारी बैठक आहे. ते पान मलापण पाठवा, विषयपत्रिकेवर घालतो.